बघायला आलेली माणसं

मोर्चाच्या ठिकाणी तो नेहमी माझ्याआधी पोहोचलेला असायचा. आमच्याच वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, परळच्या चाळीत वाढलेला. गळ्यात कॅमेरा आणि तोंडी एकच वाक्य, "पूर्वीची गर्दी बघायला हवी होतीस." गिरणी कामगार घरांसाठी अर्धनग्न मोर्चा काढत, तेव्हा चाळींच्या गॅलऱ्या भरून जात. बायका पाण्याचे तांबे घेऊन खाली येत. नुसता बघायला आलेला एखादा माणूसही सदरा काढून रांगेत शिरे. हे सांगताना त्याचा आवाज हळू होई.

गेल्या वर्षी लोअर परळला एका टॉवरसमोर पंधरा-वीस म्हातारे सदरे काढून उभे राहिले. ऑफिसातली मुलं कॉफीचे कप घेऊन खाली आली आणि हसत मोबाईलवर शूटिंग करू लागली. एक म्हातारा बनियन अर्धवट वर करून घुटमळला. ते पाहून छायाचित्रकारानं कॅमेरा सरळ त्या मुलांवर रोखला.

"हसा ना, हसा! उद्या पेपरात येईल!"

एकेक मोबाईल खाली गेला. बघता बघता फूटपाथ रिकामा झाला.

तो खुशीत म्हाताऱ्यांकडे वळला. तोवर म्हाताऱ्यानं बनियन काढून खांद्यावर टाकला होता.

"त्यांना कशाला घालवलंस रे बाबा?" म्हातारा म्हणाला. "कोणीतरी बघावं म्हणूनच तर कपडे काढले आम्ही."

छायाचित्रकारानं कॅमेरा डोळ्याला लावला. फूटपाथवर बघायला आता मी एकटाच होतो.