खाडीच्या तोंडावरचा बांबू

पावसाळी मासेमारीबंदी उठली की खाडीच्या तोंडाशी बांबू रोवायचं काम शमुवेल तांडेलाचं. पावसात पाण्याखालचा वाळूचा दांडा जागा बदलतो. ओहोटीला छातीभर पाण्यात उतरून पायाने तळ चाचपायचा आणि खोल वाट संपते तिथे बांबू ठोकायचा. सगळ्या बोटी त्याच्या भरवशावर बाहेर पडत. ठोकण्याआधी शमुवेल डोक्यावरची टोपी काढून देवाचं नाव घेई. खलाशी त्याला ‘पाद्री तांडेल’ म्हणून चिडवत.

गेल्या साली हर्षदशेठच्या ट्रॉलरने त्याच्या मुलाची, विनीतची होडी चिरडली. विनीतचा पाय गुडघ्यातून गेला. शेठ मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. पाहणारे गप्प बसले, तक्रार विरून गेली. तेव्हापासून शमुवेल रोज निजताना शेठचा चेहरा आठवी. राग शिळा होऊ नये म्हणून.

यंदा शेठने नवा ट्रॉलर आणला. रविवारी भरतीला पहिली फेरी, शेठ स्वतः नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभा राहणार. शनिवारी भिकाजी पडवीत आला. सोसायटीच्या निवडणुकीत तो शेठच्या विरोधात उभा होता.

“तात्या, बांबू जरा दांड्यावर सरकव. होड्या वरून निघून जातील, शेठच्या ट्रॉलरचं धूड तेवढं रुतेल. लाटा करतील बाकीचं.”

“आणि खलाशी?”

“पोहतील मेले! मी निवडून आलो की विनीतला सोसायटीत खुर्ची. शब्द माझा.”

त्या संध्याकाळी शमुवेलने बांबू वाळूच्या दांड्यावर ठोकला. प्रत्येक घावाला त्याला शेठचा चेहरा दिसत होता. वर्षात प्रथमच त्याला गाढ झोप लागली.

रविवारी ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाची भाकर पुढे आली. सवयीने त्याने टोपी काढली आणि हात थबकला. काल बांबू ठोकताना टोपी डोक्यावरच होती, देवाचं नाव घेतलंच नव्हतं. घाव त्याने घातले होते, पण हुकूम भिकाजीचा होता.

भाकर न घेताच तो उठला.

“बाबा, कुठे?” विनीतने विचारलं.

“चुकीच्या धन्याचं काम केलंय. मोडून येतो.”

देवळातल्या पांढऱ्या सदऱ्यानिशी तो पाण्यात शिरला. भरती गळ्याला लागली होती, ट्रॉलर धक्क्यावरून सुटला होता. त्याने बांबू उपटला, टोपी काढून दातांत धरली आणि बांबू खऱ्या जागी रोवून घट्ट धरून उभा राहिला.

ट्रॉलर शेजारून सुखरूप गेला. नाळेवरून शेठ हसला, “काय रे पाद्र्या, शेवटी आलास ना माझ्या चाकरीत?”

शमुवेलने तोंडातली टोपी काढली.

“तुझ्या नाय, भिकाजीच्याही नाय. तुझं वाटोळं व्हावं असं मी रोज मागतो, शेठ. आजही मागणार. पण ज्याच्याकडे मागतो, त्याचा हात माझ्यापेक्षा लांब पोचतो.”

शेठचं हसू मावळलं. ट्रॉलर दिसेनासा होईपर्यंत तो वळून वळून त्या गळाभर पाण्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहत होता.