रांगेतली झोप

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईने काय करावं, याबद्दल तिच्या नातेवाइकांची मतं अगदी ठाम होती. गुडघे धरून बसावं, चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा आणि दुसऱ्यांच्या सुनांबद्दल हळहळावं. तिने काय केलं, तर दहा चाकी ट्रक शिकायला घेतला. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, एकदम दहा चाकं?" जणू दर वर्षी दोन-दोन वाढवत नेली असती तर त्यांची काही हरकत नव्हती.

त्याआधी एकोणीस वर्षं ती हॉस्पिटलात मावशी होती. चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, पेशंटला कूस वळवून द्यायची आणि सगळ्यांची बोलणी खायची, असं ते पद. शेवटची सहा वर्षं धुण्याच्या कपड्यांची गाडीही तीच चालवत होती, कारण जुना ड्रायव्हर सोडून गेला आणि नवा नेमायला हवा हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मग हॉस्पिटलने ही सगळी कामं कंत्राटावर दिली. एकोणीस वर्षांच्या सेवेची कदर म्हणून तिला भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं आणि ते आठवड्याभरात बंद पडलं. तिचा नवरा शिंपी. तो म्हणाला, "गाडी चालवायला आवडते ना तुला? मग मोठी चालव." घरातला सल्लामसलतीचा कार्यक्रम एवढ्यावर उरकला.

मालवाहतूक कंपनीत शिकाऊ म्हणून दोघंच लागले. एक ती आणि दुसरा पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला, जाड भिंगांचा एक मुलगा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव चष्मा पडलं. ती हॉस्पिटलातली मावशी होती, ती इथेही मावशीच राहिली. आठ आठवड्यांचं शिक्षण, आणि शेवटी शिकवणाऱ्याची एका फॉर्मवर सही. सही झाली की नोकरी कायम, नाही झाली की घर. त्या वयात दुसरं कोणी दारात उभं करणार नाही, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. त्यातली निम्मी वर्षं त्यांनी गाडी चालवली होती आणि निम्मी लिहून काढली होती. गाडी ते खरंच झकास चालवत, याबद्दल वाद नाही. मागे घेताना अशी वळवत की बघत राहावं. पण त्यांचा खरा जीव होता लॉगबुकात. प्रत्येक ड्रायव्हरला एक मिळतं. रोज एक पान, आणि त्यावर तासातासाचा हिशेब: गाडी चालवली किती, विश्रांती किती, इतर काम किती. दिवसाला नऊ तासांच्या वर चालवायचं नाही, आणि मग सलग नऊ तास विश्रांती घेतल्याशिवाय पुन्हा चाकाला हात लावायचा नाही, हा नियम. नियम ज्यांनी केला त्यांनी उस्तादांना विचारलं नव्हतं, हीच त्यांची तक्रार होती.

"लॉगबुक कोणासाठी असतं?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"आपल्यासाठी," चष्मा म्हणाला. "दमलो का ते कळावं म्हणून."

उस्ताद मोकळेपणाने हसले. "दमलास का हे तुला पुस्तकात बघून कळणार? अरे, ते तपासनिसासाठी असतं. पाहुणा आला की घर आवरतो ना आपण? तसं." मग त्यांनी स्वतःचं पुस्तक उघडून दाखवलं. काय ते अक्षर! एक खाडाखोड नाही. सकाळी चहा पिता पिता ते संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस लिहून मोकळे होत. ज्या माणसाला स्वतःचा दिवस कसा जाणार हे सकाळी सातलाच ठाऊक असतं, त्याने ट्रक कशाला चालवावा हा प्रश्नच होता, पण तो विचारायची कोणाची छाती नव्हती.

उस्तादांचं लाडकं तत्त्व मात्र रांगेचं होतं. मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर माल भरायला ट्रकांची रांग लागते. आठ-आठ, नऊ-नऊ तास. दर पाच-दहा मिनिटांनी पुढची गाडी हलते, मग आपणही इंजिन चालू करून गाडीभर पुढे सरकायचं, नाही सरकलं तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. उस्ताद सांगत, "रांगेतला वेळ विश्रांतीत टाकायचा. बसूनच असता ना? नऊ तास रांग म्हणजे नऊ तास झोप. फाटकातून बाहेर पडलात की नवा दिवस, ताजेतवाने." चष्म्याने मान डोलावली. त्याला सही हवी होती, आणि घरी नवी नवरी होती.

मावशीने डोलावली नाही. तिला हॉस्पिटलातला तक्ता आठवला. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असतो तो. ताप बघून त्यावर आकडा टाकायचं काम सिस्टरचं, पण ते वरचेवर मावश्यांच्या गळ्यात पडायचं. तिच्या पाळीला एक बाई होती. ती दुपारी खुर्चीवर बसून एका दमात वीस तक्ते भरून टाकायची, सगळ्यांचा ताप सारखाच, सगळे ठणठणीत. अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं अंग भाजत होतं आणि डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, ताप उतरलाय. दोन दिवसांनी ती खाट रिकामी झाली. मावशीने ते तक्ते भरताना पाहिले होते आणि मूग गिळून बसली होती. त्याची लाज तिला आजही वाटत होती. त्या म्हाताऱ्यांच्या मुलीने जाताना तिचे आभार मानले होते, ते तर तिला अजून सहन होत नव्हतं.

तेव्हा ती रांगेचा वेळ 'इतर कामा'त टाकायची आणि जे घडलं ते लिहायची. "रांगेत. इंजिन चालू-बंद. चार गाड्या पुढे." शेऱ्याच्या रकान्यात तर ती इतकं बारीक लिहायची की कंपनीच्या मॅनेजरला भिंग घ्यावं लागलं. हॉस्पिटलातल्या सवयीने ती शेजारच्या खाटेचीही नोंद करायची, म्हणजे पुढच्या गाडीचा नंबर. मॅनेजर म्हणाले, "मावशी, हे लॉगबुक आहे की तुमचं आत्मचरित्र?" उस्तादांनी तिच्या प्रगतीच्या कागदावर शेरा मारला, 'वेळेचं भान नाही.' हे लिहिलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि उस्तादांच्या पुस्तकात संध्याकाळचे सहा.

सातव्या आठवड्यात दोघांनाही एकट्याने गाड्या देऊन रंगाच्या कारखान्यावर पाठवलं. रात्री अकराला निघाले, सकाळी आठला फाटकावर पोचले, म्हणजे चालवायचे नऊ तास तिथेच संपले. चष्मा पुढे, त्याच्या मागे ती. रांग संध्याकाळी पाचपर्यंत चालली. नऊ तासांत दोघांनी मिळून शंभरेक वेळा क्लच दाबला असेल. माल भरून झाला तेव्हा उस्तादांचा फोन आला.

"काय मावशी, झोप झाली ना नऊ तास? निघा आता."

"उस्ताद, झोपेत क्लच दाबतात का?"

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"क्लच दाबला असंच लिहिलंय."

उस्ताद म्हणाले, "तुमच्या फॉर्मचं मला आता अवघड दिसतंय." तरी तिने गाडी कारखान्याच्या आवारात कडेला लावली. चष्मा निघालाच होता. तिने त्याच्या खिडकीवर थाप मारली. "अरे, डोळे बघ तुझे. थांब इथेच."

"मावशी, तुम्हाला काय, तुमचं सगळं झालंय आयुष्यात," तो हसत म्हणाला आणि गेला. साडेसातच्या सुमारास त्याची गाडी रस्ता सोडून शेतात गेली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

हॉस्पिटलात ती भेटायला गेली. एकोणीस वर्षं तिने जसल्या खाटांच्या चादरी बदलल्या तसलीच खाट. बायको उशाशी बसून होती. चष्म्याने कंपनीचं पत्र मावशीच्या हातात दिलं. कंपनीने हात वर केले होते. चालकाच्या स्वतःच्या नोंदीनुसार त्याने नऊ तास पूर्ण विश्रांती घेतलेली आहे, सबब अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे. नोकरी संपली, आणि उपचारांची जबाबदारी आमची नाही.

"मी झोपलो होतो असं मीच लिहिलंय, मावशी," तो म्हणाला. त्याला हसायचं होतं बहुधा, पण जमलं नाही. "आता मी कोणाला सांगू, की मी खोटारडा आहे, माझ्यावर विश्वास ठेवा?"

तिला त्याचा राग आला, मग दया आली, आणि मग उस्तादांचा असा संताप आला की तिने पत्राची घडी चुकीची घातली.

परिवहन खात्याची चौकशी लागली. आदल्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावून चहा पाजला. शेजारी उस्ताद. टेबलावर तिचा फॉर्म, उघडा, आणि त्यावर पेन. "एक कोरं पुस्तक देतो," मॅनेजर प्रेमाने म्हणाले. "त्या दिवसाचं पान जरा सुवाच्य अक्षरात उतरवून काढा. पुढच्या गाडीचा नंबर वगैरे पाल्हाळ नको. लगेच सही." उस्तादांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. वेळ वाचवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

ती त्या फॉर्मकडे बघत राहिली. मोह झाला नाही असं नाही. झालाच. घराचं भाडं, नवऱ्याचे अधू होत चाललेले डोळे, जाऊबाईंचं तोंड, सगळं त्या पेनाभोवती गोळा झालं. मग तिने चहा संपवला आणि "पुस्तक उद्या आणते," एवढं म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने आणलं ते जुनंच. चौकशी अधिकाऱ्यांनी ते पान वाचलं. आठ दहा, ४१ नंबरची गाडी पुढे. आठ पस्तीस, ४१ पुढे सरकली. नऊ पाच, ४१चा ड्रायव्हर काच पुसतोय. असं संध्याकाळपर्यंत. ४१ म्हणजे चष्म्याची गाडी. झोपलेला माणूस नऊ तास गाडी सरकवत होता हे उघड झालं.

"हे तुम्ही नंतर लिहिलं नाही कशावरून?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मग तेच मागची पानं चाळू लागले आणि चौथ्या आठवड्यातल्या एका पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, 'आज बावीस मिनिटं जास्त चालवली. थांबायला जागा सापडली नाही. चूक माझी.' त्यांनी ते दोनदा वाचलं. "खोटं लिहिणारा हे कशाला लिहील?" ते स्वतःशीच म्हणाले आणि पुस्तक पुराव्यात घेतलं.

निकाल फार न्याय्य लागला. चष्म्याचा अपघात कामावरचा ठरला. उपचार कंपनीने करायचे आणि पाय बरा झाला की त्याला परत घ्यायचं. उस्तादांना शिकवण्यावरून काढलं, आणि कंपनीने त्यांना वेळापत्रक विभागाचे प्रमुख केलं. मॅनेजरांना समज देण्यात आली, जी त्यांना आधीही होतीच. मावशीचं शिक्षण परिवहन खात्याने पूर्ण धरलं, उस्तादांच्या सहीची गरज उरली नाही. राहिली ती बावीस मिनिटं. सगळ्या प्रकरणात नियमभंगाची लेखी कबुली देणारी व्यक्ती एकच निघाली, त्यामुळे शिक्षाही एकालाच देता आली. तिचा परवाना एकवीस दिवस निलंबित झाला.

घरी येऊन तिने हे सांगितलं. नवरा एका सदऱ्याला काजं करत होता. त्याने सुई खाली ठेवली.

"चष्म्याचं काय?"

"त्याचं झालं नीट."

"आणि तुझी नोकरी?"

"कायम. पण एकवीस दिवस घरी."

"मग झोप आता," तो म्हणाला आणि उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. ती आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उठली नाही. त्या सगळ्या प्रकरणात झोपलेले लोक कागदावर पुष्कळ होते. खरोखर झोपली ती एकटीच, आणि ते तिने कुठेही लिहून ठेवलं नाही.