मामाची जीप आणि माझं हेल्मेट

आमच्या घराण्यात सुरक्षिततेचं शिक्षण घेतलेला मी एकटाच. आकुर्डीच्या कंपनीत सेफ्टी कमिटीवर माझी नेमणूक झाली, तेव्हापासून बायको स्टोव्ह पेटवायला बसली की मी भाषण सुरू करायचो. (तिनं ते कधी ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी!)

निघोज्याच्या मामानं त्या वर्षी बैलजोडी विकून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. जंगलखात्यानं डोंगरावर रोपं लावली होती, त्यांना पाणी पोचवायचं काम त्याला हवं होतं. नेमके खंडेनवमीलाच साहेब गाडी बघायला येणार होते. काम मिळालं नाही तर बैलही गेले आणि जीप कोंबड्यांना बसायला! मी कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून हजर झालो. जीप डोंगरावर, उतारावर उभी होती. मागे पाण्याची पिंपं.

"मामा, हँडब्रेक?"

"नावापुरता हाय. गिअरबी निसटतोय. म्हणून तर चाकाम्होरं धोंडा लावलाय."

"शाब्बास! या धोंड्याला कुणी हात लावायचा नाही!" मी सगळ्यांना दम भरला. मामीला दोनदा.

मामीनं जीपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ माझ्या हातात दिला. शिकलेला भाचा, मान माझा! आता फोडायचा कशावर? चोहीकडे भुसभुशीत माती. आणि समोरच एक झकास धोंडा!

मी तो ओढून घेतला आणि नारळ आपटला. नारळ फुटला. पाठोपाठ लिंबूही फुटलं.

"आरं, गाडी चालली!" मामी किंचाळली.

"सायरन वाजवा!" मी ओरडलो.

"कसला सायरन? पळ की मुडद्या!" मामा धावला. त्याच्यामागे ताट घेऊन मामी, तिच्यामागे हेल्मेट सावरत मी.

खाली रोपांसाठी चर खणलेला होता. जीप त्यात नाक खुपसून थांबली आणि सगळी पिंपं रोपांवर लवंडली. नेमके तेव्हाच साहेब पोचले.

"धोंडा कुनी काढला?" मामी धापा टाकत म्हणाली. "लिंबू व्हतं म्हणा खाली, पर त्येच्यानं काय व्हतंय!"

साहेबांनी आधी जीप पाहिली, मग ओली रोपं, मग माझं हेल्मेट.

"हे कोण?"

"आमचा भाचा. कंपनीत सेफ्टी बघतोय," मामा खालमानेनं म्हणाला.

साहेबांना हसू आवरेना. "पाणी पोचलं खरं. ब्रेक दुरुस्त करा, काम तुमचं. फक्त एक अट आहे."

ती अट मामानं आजवर पाळली आहे. दर खंडेनवमीला जीपची पूजा डोंगरावर होते आणि मी खाली सडकेवरूनच हात जोडतो. हेल्मेट घालून!