वहिनींच्या वाटीतलं विरजण

हे आजवर माझ्या तोंडून कुणाकडेही गेलेलं नाही. बायकोकडेही नाही — आणि तिला तर मी सगळं सांगतो, गुडघा दुखतो तेही दिवसातून चारदा सांगतो. मग हे का नाही? मला वाटतं, गोष्ट इतकी लहान आहे की ऐकणारा आधी हसेल. आणि तो हसला की मला पुढचं सांगता येणार नाही.

तर आधीच हसून घ्या. गोष्ट चमचाभर दह्याची आहे.

कुठून सुरू करू? दिनकरपासून करतो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका बिअर कंपनीत — नाव कशाला घ्या — आम्ही दोघंही उभं आयुष्य काढलं. मी वर लॅबमध्ये केमिस्ट. तो खाली, जिथं बिअर आंबते त्या टाक्यांवर ऑपरेटर. तो वैजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, दहावी पास. मी बी.एस्सी. हे बी.एस्सी. लक्षात ठेवा, कारण मी ते कधीच विसरलो नाही. दिनकर मला 'सर' म्हणायचा. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो, सिडकोत दोन गल्ल्या सोडून राहायला होतो, एकमेकांच्या घरी जेवत होतो — तरी 'सर'च म्हणायचा. मी त्याला कधी म्हटलं नाही की आता पुरे कर.

निवृत्तीनंतर आम्हाला एक नाद लागला. घरी बिअर करायची. कंपनीत थंडगार टाक्यांतली बिअर व्हायची, ती घरी जमणं शक्य नाही. पण एल नावाची जी जात आहे ती खोलीतल्या साध्या हवेत आंबते. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा गारवा तिला पुरतो. हे कायद्यात बसत नाही, आम्हाला ठाऊक होतं. तोही गुन्हाच, पण त्याची मला कधी रुखरुख लागली नाही. रुखरुख दुसरीच आहे.

आमचा एक नियम होता — बाजारात जायचं नाही. जव तेवढे आधी आणून, मोड काढून, वाळवून, तव्यावर भाजून भरडलेले असायचे. मोड आणण्यात तर आपल्या घरातल्या बायकांचा हात कुणी धरू शकत नाही. मटकीला आणतात तसे त्यांनी जवाला आणून दिले. बाकी सगळं मात्र त्या रविवारी ज्याच्या घरी पाळी, त्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांतून. डबे उघडायचे, आहे त्यात काय होतं ते बघायचं, बेत ठरवायचा. कडू चवीसाठी लागणारी हॉप्सची फुलं आम्हाला कुठं मिळणार? त्याऐवजी काडेचिराईत, तापात काढा करून देतात तेच.

मी बेत कसा करायचो? वहीत. आखलेल्या वहीत, कॅल्क्युलेटर घेऊन. किती बाजरी, किती गूळ, साखर किती उतरेल, पाणी किती. दिनकर डब्याचं झाकण काढायचा, नाक घालायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. मग म्हणायचा, "बाजरी नको आज सर, रुसल्या पाव्हण्यावानी कोपऱ्यात बसंल ती." मी हसायचो. घरी येऊन मात्र ते वाक्य मी वहीत लिहिलं, नंतर खोडलं.

माझ्या बिअरमध्ये कुणाला चूक काढता यायची नाही. आणि दुसरा ग्लासही कुणी मागायचं नाही.

त्याच्या बिअरचं विचारू नका. काय घालायचा ते मी डोळ्यांनी बघायचो, वजनं टिपून घ्यायचो, घरी तसंच करायचो. तसं व्हायचं नाही. तीस वर्षं ज्याच्या टाक्यांचे नमुने मी 'पास' म्हणून सही करून खाली पाठवले, त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हे मला केव्हा कळलं? पहिल्याच रविवारी. आणि तेव्हापासून ते सलत राहिलं.

आता तुम्हाला अंदाज आला असेल. येऊ द्या.

त्या हिवाळ्यात आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांचे ओळखीचे कुणी जालना रोडवर हॉटेल काढत होते, तिथंच बिअर बनवून तिथंच विकायची, रीतसर परवाना घेऊन. ती बनवायला माणूस पाहिजे होता. साहेब म्हणाले, तुमचे उद्योग माझ्या कानावर आहेत, पंधरा दिवसांनी येतो, दोघंही एकेक करून ठेवा. घरात आहे त्यातूनच करा, तुमचा नियम मोडू नका.

दिनकरला ते काम किती हवं होतं ते मी सांगतो. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी वरच्या मजल्यावर खुर्ची दिली नव्हती. त्याने लगेच दाढी रोज करायला सुरुवात केली. कमलवहिनी — त्याची बायको — हळदीकुंकवाला आमच्या हिला सांगून गेल्या, "आमचे हे आता नुसतं सांगणार, करणारे दुसरे ऱ्हातील." आणि मला? मला ते काम हवं होतं का? खरं सांगू — मला पेन्शन होती, पुस्तकं होती, गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. मला ते काम नको होतं. त्याला मिळू नये, एवढंच हवं होतं.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्याच्या पाळीच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी नातवंडांच्या सुट्टीसाठी ज्वारीच्या लाह्या फोडून ठेवल्या होत्या. दिनकरने त्यांतल्या अर्ध्या उचलल्या. थोडे धने घेतले, गुळाचा एक खडा घेतला. मग वहिनींनी उटण्यासाठी वाळवलेली मोसंबीची साल त्याच्या नजरेस पडली. त्याने ती हातात चुरडली, वास घेतला आणि एकटाच हसला. वहिनी म्हणाल्या, "माझं उटणं बी पिऊन टाका आता." सगळं रटरटून, गाळून झालं तेव्हा मी त्या गोड रसाचा एक घोट घेतला. तेव्हाच मला कळलं. ही बिअर साहेबांच्या हातात पडली की माझ्या ग्लासाकडे कुणी बघणारही नाही.

रस निवायला ठेवला होता. पातेल्याभोवती ओलं गोणपाट, वर पातळ फडकं. दिनकर स्कूटर काढून कंपनीत गेला, जुन्या पोरांकडून यीस्टची बाटली आणायला — रस आंबवायला लागतं ते यीस्ट तेवढं बाहेरून यायचं. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. स्वयंपाकघरात मी एकटा. ओट्यावर, पातेल्याला लागूनच, वहिनींची विरजणाची वाटी होती, वर छोटी ताटली झाकलेली. दूध तापून शेजारी ठेवलेलं — खाली आल्या की लावणार असतील.

मी फडकं सारून रसात बोट घातलं. कोमट होता. दूध विरजायला लागतो, अगदी तेवढाच.

चुकून झालं म्हणू? भानावर नव्हतो म्हणू? नाही हो. मी पूर्ण भानावर होतो. मी विचार केला — केमिस्टसारखा, पायरीपायरीने. यीस्ट यायला दोन तास आहेत. तेवढ्यात दह्याचे जंतू बस्तान बसवतील. हॉप्स असते तर त्यांनी या जंतूंना डोकं वर काढू दिलं नसतं, पण हॉप्स नाहीत, काडेचिराईताचा तसा भरवसा नाही. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. माझ्या बी.एस्सी.चा उभ्या जन्मात इतका अचूक उपयोग मी कधी केला नसेल. मी वाटीतलं चमचाभर विरजण घेतलं, रसात ढवळलं, फडकं नीट बसवलं, चमचा धुऊन, पुसून जागेवर ठेवला.

वहिनी खाली आल्या, त्यांनी मला चहा करून दिला. मी तो प्यायलो.

आठ दिवसांनी बाटल्या भरताना दिनकरने चाखलं, ते आंबटढाण झालेलं. तो ग्लास घेऊन माझ्याकडे धावत आला. नव्याने करायला दिवस उरले नव्हते. माझ्याकडे लॅबच्या भंगारातून घेतलेला जुना मायक्रोस्कोप आहे. तो म्हणाला, "तुमी बघा सर. तुमाला कळतं." मी काचेवर थेंब घेतला, वाकलो, बराच वेळ बघत राहिलो. काय बघायचं होतं? मला न बघताच माहीत होतं. 'काही कळत नाही' असं म्हणता आलं असतं. 'धान्यच खराब असेल' म्हणता आलं असतं. पण मी म्हणालो, "दह्याचे जंतू आहेत, दिनकर."

खरं तेच सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट खरं कधी बोललो नाही.

तो ग्लास तिथंच ठेवून घरी गेला. पुढचं मला मागाहून कळलं. त्याने वहिनींना एवढंच विचारलं होतं, त्या दिवशी इरजण कुठं होतं. त्या म्हणाल्या, ओट्यावर. झालं. आरडाओरड नाही, काही नाही. तो पंधरा दिवस त्यांच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा वहिनी दारातच डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं भाऊजी. लई जपत होते, तरी माझाच हात लागला असंल."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

ऐकलंत? मी त्यांची समजूत काढली. मी त्यांना माफ केलं.

साहेब आले, माझी बिअर प्यायले, ठीक आहे म्हणाले, दुसरा ग्लास घेतला नाही. पुढे त्यांनी पुण्याहून कुणीतरी आणला. मला राग आला नाही, दुःख झालं नाही. बरंच वाटलं — आणि ते बरं वाटणं फार तर चार दिवस टिकलं. दिनकरने त्यानंतर डबे उघडले नाहीत. मी एकदोनदा विषय काढला, "करायची का या रविवारी?" तो म्हणाला, "नको सर, आमच्या घरात ते जमायचं नाय." आमच्या घरात. म्हणजे बायकोच्या घरात.

हळूहळू त्याचा राग गेला आणि त्याची एक थट्टा झाली. कुणी पाहुणे आले, कुणाची वास्तुशांत असली, की दिनकर सांगायचा — हिच्या चमचाभर दह्यानं माझी साहेबी घालवली. लोक हसायचे. वहिनीही हसायच्या, पदर सारखा करायच्या. मीही हसायचो. किती वर्षं? मोजली नाहीत. एकदा त्यांच्या सुनेनेही तीच थट्टा केली, आणि वहिनी तिच्यासमोरही तशाच हसल्या. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. त्या दिवशी तरी. मी कढी वाढून घेतली.

कढी पिशवीच्या दह्याची होती. कारण त्या दिवसापासून वहिनींनी घरात विरजण लावलं नाही. त्यांना कुणी लावू नका म्हटलं नव्हतं. दिनकर बिअर करत नव्हता, मग विरजणाचं भय तरी कशाचं? तरी त्यांनी वाटी उचलून ठेवली ती ठेवलीच. खेड्यातून आलेली बाई, जिच्या घरात दूध-दुभतं कधी कमी नव्हतं, ती रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याची पिशवी आणायची. मला ते दिसत होतं. फक्त मलाच त्याचं कारण पुरतं माहीत होतं. मी सकाळी फिरायला जायचा रस्ता बदलला.

दिनकर गेल्याला वर्ष होऊन गेलं. शेवटच्या आजारपणात मी रोज त्याच्या उशाशी बसत होतो. लोक म्हणायचे, भावाने केलं नसतं एवढं केलं. तेव्हाही खोलीत बऱ्याचदा आम्ही दोघंच असायचो. तो शुद्धीत असायचा. मी त्याला पेपर वाचून दाखवायचो.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, इकडं येणार असाल तर तुमच्याकडचं थोडं इरजण आणता का? म्हणते आता घरीच लावावं. आता बिघडायसारखं काय ऱ्हायलंय घरात."

आमच्या हिने स्टीलच्या लहान वाटीत दिलं, वर ताटली झाकून. दोन गल्ल्या मी ती वाटी दोन्ही हातांनी धरून चालत गेलो. त्याच ओट्यावर ठेवली. वहिनींनी दूध कोमट केलं, बोट घालून पाहिलं. मग त्यांचा हात वाटीवर थांबला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमीच घाला भाऊजी. माझ्या हाताचा भरवसा नाय."

मी चमचा घेतला. घातलं, ढवळलं, चमचा धुऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी परत पाठवली, दह्याने भरून. घट्ट लागलं होतं. मी ते खाल्लं.