वर्णन जुळले, माणूस नव्हे

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतर दोनेक वर्षांनी अड्याळजवळच्या आमच्या गोठ्यातून बैलजोडी चोरीला गेली. पुढे पोलीस ठाण्यात मी एका माणसाला ओळखले नाही, याच्या तीन कथा गावात सांगतात: मी घाबरलो, मला मोतीबिंदू होता, किंवा तो माझ्या व्याह्यांच्या गावचा होता. तिन्ही खोट्या आहेत. मोतीबिंदू मला त्यानंतर आठ वर्षांनी झाला.

चोरीच्या आदल्या दुपारी एक अनोळखी माणूस पाणी मागायला आला होता आणि बराच वेळ बैलांकडे पाहत राहिला होता. तक्रारीसोबतची वर्णने मीच लिहिली. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाने ते काम दुसऱ्यावर का सोपवावे? बैलांचे वर्णन पानभर झाले: पाठीवरचा भोवरा, शेपटीचा काळा गोंडा, डाव्या शिंगाचे घासलेले टोक. माणसाचे दोन ओळींत आटोपले. सावळा, मध्यम बांधा, अरुंद कपाळ, बसके नाक, पातळ मिशी.

चौथ्या दिवशी ठाण्यातून बोलावणे आले. बाकावर एक मजूर बसवला होता. हवालदार माझ्या कागदावरून बोट फिरवीत गेले.

“कपाळ अरुंद, हाय. नाक बसकं, हाय. मिशी पातळ, हे पाहा. आता आणखी काय पाहिजे तुमाले, गुरुजी?”

“हा तो नव्हे.”

“मंग फरक सांगा ना.”

मला सांगता येईना. त्या दुपारचा चेहरा डोळ्यांपुढे लख्ख होता. शब्दांत मात्र तो आणि हा एकच होते. होकार दिला तर याच्याकडून जोडीचा माग लागेल, असे हवालदार सुचवीत होते, आणि धानाची रोवणी तोंडावर आली होती. पण या माणसाला त्या बाकावर माझ्याच कच्च्या शब्दांनी बसवले होते, हे मी नाकारत नाही. मी कागद मागून घेतला आणि खाली लिहिले: ‘वरील वर्णन या माणसास तंतोतंत लागू पडते. हा तो माणूस नव्हे.’ त्याखाली सही केली.

“असं कोणी लिवते काय, गुरुजी?”

“मी लिहितो.”

त्याला सोडले. बैल शेवटपर्यंत मिळाले नाहीत. फाटकाबाहेर तो मजूर थांबला. “सारं तं जुळलं होतं, गुरुजी. मंग तुमी नाही कसं मनलं?”

“तू तो नव्हेस म्हणून,” मी म्हणालो. फरक सांगता आला नाही, म्हणजे मला खात्रीच नव्हती, असे गावातले शहाणे धरून चालतात. त्यांनी आपल्या सख्ख्या भावाचा चेहरा असा लिहून आणावा की परका माणूस भर बाजारातून त्याला शोधून काढील. मग माझ्याशी वाद घालावा.