कोंडा

राघो माझ्या डोळ्यांत खुपायचा. आजही खुपतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की परशुराम मिस्तरी गोड गोड बोलून दोस्ताची तारीफ करतोय.

मी सात वर्षं मुंबईच्या कारखान्यात लोखंड ठोकलेला माणूस. आणि हा राघो कोण, तर कोपरच्या खाजणातला मिठागरावरचा गडी. गुडघाभर चिखलात उभं राहून मीठ ओढायचं, हीच त्याची विद्या. बापाच्या मागे मिठागर भावांकडे गेलं, म्हणून हा कल्याणला खाडीकाठच्या आमच्या भातगिरणीत आगवाला म्हणून लागला. इंजिनाच्या भट्टीत भाताचं तूस लोटायचं, बायलरात पाणी ठेवायचं, एवढंच काम. पण सहा महिन्यांत बघावं तर जो तो राघोला विचारतोय. पट्टा सरकतोय, राघोला बोलवा. शिट्टी बसली, राघो कुठाय? अरे, मी काय इथे माश्या मारायला बसलेलो?

बरं, माणूस दिसायला काळा, हडकुळा, बोलणं मोजकं. कुणी शिव्या घातल्या तरी हसायचा. त्या हसण्याने तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी, म्हणजे प्लेग यायच्या आदल्या वर्षी, आमचा म्हातारा मिस्तरी, ज्याच्या हाताखाली मी होतो, तो कायमचा गावाला जायला निघाला. मिस्तरीला गिरणीच्या आवारात दोन खोल्या मिळायच्या, दाराशी विहीर. माझी बायको आवडा दोन वर्षं चुलतदिराच्या पडवीत चूल मांडून होती. पावसाळ्यात चुलीवर गोणपाट धरून भाकऱ्या भाजायची, आणि आता तिला सातवा महिना लागलेला. तिने एकच ध्यास घेतला होता, की बाळंतपण त्या खोल्यांतच व्हायचं. मी तिला शब्द देऊन बसलेलो.

आणि नेमकं तेव्हाच इंजिन पाणी प्यायला लागलं. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीने काढून टाकलेलं ते जुनाट धूड. रोज वीस बादल्या जास्त लागत होत्या, पण खाली थेंब सांडलेला दिसेना. काळुराम शेठ वैतागले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी कुठे जातंय ते जो शोधून बंद करील, तो माझा मिस्तरी."

मी लागलो ना कामाला. एकूण एक सांधा आवळला, तोट्यांना काथ्या गुंडाळला, इंजिनाखाली पालथा पडून हाताने चाचपलं. सगळं कोरडं ठणठणीत! आणि हा राघो काय करतोय, तर अंगणात उभा राहून धुराड्याकडे बघतोय.

"धूर पांढरा येतंय," तो म्हणाला. "पानी खाली नाय सांडत. वर जातंय. अवसेला इंजिन थंड झालं का धुराड्याखालचं पुढचं दार उघडू, मग सांगतंय."

अमावास्येला आमच्याकडे चाक फिरत नाही, सगळ्या गिरणीला सुट्टी. ती तीन दिवसांवर आलेली. हा मिठागरवाला दार उघडणार, बोट दाखवणार आणि खोल्यांत जाऊन बसणार! घरी आलो तर आवडा म्हणते, "राघोभावजी हुशार हो, त्यांना विचारून तरी बघा." मी ताटावरून उठलो.

मुंबईला एका जुन्या कारागिराने मला एक युक्ती सांगितलेली. बायलर गळायला लागला की आत कोंडा टाकायचा. पाण्याबरोबर कोंडा भेगेत जाऊन बसतो आणि गळती तात्पुरती बंद. त्यानेच बजावलेलं, की मूठभरच टाक, आणि नंतर बायलर धुऊन काढ. पण भातगिरणीत कोंड्याला काय तोटा? दुसऱ्या दिवशी जाळ पेटवायच्या आधी येऊन मी चांगली अर्धी पाटी आत ओतली. मला मूठभर नकोच होतं. मला राघोच्या तोंडाला कुलूप घालायचं होतं.

लागू पडलं! त्या दिवशी वीस बादल्या वाचल्या. शेठनी माझ्या हातात नारळ दिला, अमावास्येची पूजा झाली की किल्ली घे म्हणाले. मी राघोकडे बघितलं. त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं मला. तर तो म्हणतो, "बरं झालं रं. वैनीची सोय झाली." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इंजिनापुढे ऐटीत उभा होतो. बायलरात पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते. तिच्यात पाऊण काच पाणी दिसत होतं. राघो तूस लोटता लोटता थांबला, काचेपाशी आला, डोळे बारीक केले.

"पानी हालत नाय," तो म्हणाला.

खरंच हलत नव्हतं. इंजिन चालू असताना काचेतलं पाणी सारखं डचमळतं. हे तळ्यासारखं गप्प. त्याने काचेच्या खालची तोटी उघडली. थेंब नाही आला. तोटी तुंबलेली, आणि काचेत उभं होतं ते वरच्या वाफेचं निवून झालेलं पाणी. काच भरलेली बघून कुणी पाणी सोडलं नव्हतं, आणि आतला बायलर रिकामा होत आलेला!

राघोने फावडं घेतलं आणि भट्टीतला जाळ बाहेर ओढायला लागला. मी त्याचा दंड धरला. "काय करतोस? शेठ काय म्हणतील? तुला माझं बघवत नाही!" असं मी म्हणालो. मीच म्हणालो. त्याने मला ढकलून दिलं. धगधगत्या तुसाचा ढीग त्याच्या हातावर कोसळला, कोपरापर्यंत कातडी सोलली गेली, पण त्याने भट्टी रिकामी केली. आणखी थोडा वेळ गेला असता तर गिरणी उडाली असती, आणि बाजूला भात पाखडणाऱ्या बायाही.

शेठ धावत आले. तोवर राघोने तोटीत तार घातलेली. आतून चिकट गोळा निघून त्याच्या तळव्यावर पडला. त्याने वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. त्याने मूठ मिटली.

"खाडीच्या पान्याचा गाळ हाय शेठ," तो म्हणाला. "परशुरामनं हटकलं म्हणून वाचलो."

अमावास्येला आम्ही दोघांनी बायलर धुतला आणि पुढचं दार उघडलं. आत सगळी काजळी, आणि बायलरातून धूर नेणाऱ्या नळ्यांपैकी खालच्या तिघींच्या तोंडाशी पांढरी कडा. राघोने बोटाने खरवडून जिभेला लावलं. "मीठ. विहीर आटली का पानके भरतीला खाडीचं पानी भरतात. पानी उडून जातंय, मीठ मागं रातंय, तेच नळ्या खातंय." त्याच्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, म्हणून नळ्यांची तोंडं मी एकट्याने ठोकून फुगवून घट्ट बसवली. पाणी आजतागायत गळलेलं नाही. शेठनी किल्ली माझ्या हातात दिली.

मी त्याला आडोशाला गाठलं. "का केलंस? मिस्तरी तू झाला असतास."

"मना काय करायच्यात खोल्या?" तो म्हणाला. "मना घर हाय खाजनात. मी कवा मागितलं?"

म्हणजे ज्याच्याशी मी सहा महिने झोंबत होतो, तो आखाड्यात उतरलेलाच नव्हता.

मुलगी त्याच खोल्यांत झाली. आता तीन वर्षांची आहे. दिवसभर राघोच्या मांडीवर, त्याच्या हाताच्या सुरकुतलेल्या कातडीवरून बोट फिरवत बसते. मी हाक मारली तरी येत नाही, आणि माझा जीव जळतो. रोज सकाळी मी काचेपुढे उभा राहतो, आधी खालची तोटी उघडून बघतो. मागून राघो सांगतो, "पानी हालतंय, मिस्तरी." त्यात टोमणा नसतो. मी कान देऊन ऐकतो, कधी तरी सापडेल म्हणून.