सुकटीची जागा

आमच्या जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात लोक सुकट सगळ्यात शेवटी घेतात. भाजीपाला, मीठ-मिरची, लेकरांची जिलेबी पिशवीत नीट बसली, की मग दुसरी पिशवी काढून बकऱ्यांच्या बाजाराकडे वळतात. तिथं टोकाला माझी माय पोतं अंथरून बसते. सुकट, बोंबील, सोडे. बाया पदर नाकाला लावून भाव करतात आणि घरी जाऊन त्याच बोंबलाच्या कालवणाबरोबर एक भाकरी जास्त खातात. घेणारे तेच, नाक धरणारेही तेच. या सोंगाचा मला लहानपणापासून राग येतो. मायला येत नाही, निदान ती तसं दाखवत नाही.

तिची एकच इच्छा होती. हा माल ज्या बंदरावरून येतो, तिथला जुना बाजार बघायचा. समुद्रापाशी बोंबील विकणारी बाई बाजाराच्या ऐन मधोमध बसत असणार, तिला कुणी टोकाला ढकलत नसणार, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. “आपल्या धंद्याला कुठं मान हाय का, येकदा पाहून येऊ,” असं भाकरी थापता थापता म्हणायची. यंदा दिवाळीनंतर मी तिला घेऊन गेले. त्या शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक मला त्यांच्या बाजाराचं कौतुक ऐकवायला येतील, आणि ते मी पुरेसं ऐकलं आहे.

झालं असं, की मोबाईलवर ‘जुन्या बाजाराची खाद्यसफर’ दिसली आणि मी आम्हा दोघींची नावं घातली. माहीतगार माणूस बरोबर असला तर मायला सगळं नीट बघायला मिळेल, असं वाटलं. माहीतगार माणूस म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि जिभेवर साखर असलेला एक गाईड निघाला. त्याच्या मागून दगडी कमानीखालून आत गेलो तर बाजारच दिसेना. घासूनपुसून चकचकीत केलेली दुकानं, टांगलेले कंदील, कॉफीची यंत्रं. मधल्या चौकात भिंतभर चित्र होतं, डोईवर पाटी घेतलेली हसरी मासेवाली. तिच्यापुढं लोक रांग लावून फोटो काढत होते.

“लई मोठी काढली बाई,” माय खूश होऊन म्हणाली. “पण खरी बाई कुठं हाय?”

खऱ्या बाईआधी आम्हाला खायला बसवलं. टिचभर भाजलेल्या पावावर चिमूटभर सोड्याची चटणी, वर कोथिंबिरीचं एक पान. बरोबरच्या मंडळींनी डोळे मिटून “आहाहा” केलं. मायनं तो तुकडा तळहातावर घेतला आणि मला हळूच विचारलं, “हा घास हाय का नमुना?”

मग गाईडनं पिशवीतून मास्क काढून वाटायला सुरुवात केली. सुक्या मासळीच्या बायकांना आता मागच्या गल्लीत बसवलं आहे, पर्यटकांना वासाचा त्रास होत होता, असं त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. “आजी, तुम्हीपण लावा.” मायनं मास्क हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “अहो, या बाईनं जन्मभर बोंबीलच विकलेत.”

तो ओशाळेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “अरे वा! मग त्या बायकांबरोबर यांचा एक फोटो होऊन जाऊ दे.” त्याची, त्या चटणीची आणि हौसेनं पैसे भरणाऱ्या माझीसुद्धा मला शिसारी आली.

मागची गल्ली सार्वजनिक संडासाला लागून होती. शेजारी कचऱ्याचा ढीग, आणि त्याला टेकून चार-पाच बायका पाट्या मांडून बसलेल्या. आमची टोळी मास्क लावून, मोबाईल वर धरून उभी राहिली. माय सगळ्यांच्या पुढं गेली तशी एक बाई तिच्यावरच खेकसली, “फोटो पाहिजे तर आधी माल घ्या!”

“म्या फोटूवाली न्हाई, बाई,” माय म्हणाली. “म्या बी हेच इकते.”

ती बाई जरा सरकली. माय तिच्याजवळ फरशीवर बसली.

“तुम्ही कुठं बसता?”

“बकऱ्याच्या बाजारापाशी. तुमी हितं कवापासून?”

“भिंतीवर आमचं चित्र काढलं, तेव्हापासून.”

गाईड धक्क्यावर चला, सूर्यास्त चुकेल म्हणून हाका मारत होता. माय उठली, लुगडं झटकलं आणि मला म्हणाली, “घरी चल.” समुद्र दोन पावलांवर होता. मी पुष्कळ विनवलं, पण ती ऐकेना.

पुढच्या बाजाराला ती आपल्या पोत्यावर बसली होती, मी शेजारी. नेहमीची एक बाई आली.

“काय मावशी, समुद्र पाहून आल्या म्हणं?”

“न्हाई पाह्यला.”

“काहून? येवढ्या लांब जाऊन?”

मायनं तराजू उचलला. “तिथं बी लोक नाक धरूनच उभे व्हते. ते त मला हितं बसल्या बसल्या दिसतंय.”

बाईनं नाकावरचा पदर सोडला नाही. म्हणाली, “बोंबील जरा निवडून द्या, पाव्हणे येऊन राहिले.”